चौदा नंबरची टोपी

हुकूम चार ओळींचा होता, आणि त्या चार ओळी रस्त्यावर आणायचं काम किल्लीवाल्याच्या गळ्यात पडलं होतं. रस्त्यावरच्या बावीस पार्किंग मीटरांवरची ‘दोन तास’ ही पाटी उतरवायची आणि ‘एक तास’ ही चढवायची. तास भरला की गाडी हलवायची. पुन्हा नाणं टाकून वेळ वाढवायची नाही. त्याच रस्त्यावर दुसऱ्या खांबाशी नेऊनही लावायची नाही. एवढ्यानं भागलं नाही म्हणून खाली एक शेपूट जोडलेलं: मीटर नादुरुस्त असून त्यावर टोपी चढवलेली असली, तरीही मर्यादा एक तासच.

त्याला सगळे किल्लीवालाच म्हणत. सत्तावीस वर्षं तो मीटर उघडत, पुसत, दुरुस्त करत आला होता, आणि कमरेच्या जुडग्याच्या आवाजावरून स्वारी कोपऱ्यावर आल्याचं दुकानदारांना कळत असे. आज जुडग्याच्या आधी त्याचं तोंड ऐकू येत होतं.

“खुर्चीत बसून दोनाचा एक करायला यांच्या बापाचं काय जातं!” तिसऱ्या खांबाचा स्क्रू पिळत तो म्हणाला, आणि हुकूम खिशातून काढून त्यानं तो पुन्हा एकदा मोठ्यानं वाचला, टोपीच्या शेपटासकट.

“किल्लीवाले, मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगू का, दाढी आज आणि मिशी उद्या म्हणून?” सलूनवाला दारातून ओरडला.

“तुला काय धाड भरलीय? तुझं काम वीस मिनिटांचं. ज्यांचं काम तासात होत नाही त्यांनी रडायचं.”

आणि तशी या रस्त्यावर एकच होती. त्याची ताई.

चौदा आणि पंधरा हे दोन खांब ताईच्या कारखान्यासमोर होते. कारखाना म्हणायचं एवढंच. पुढे एक खोली, मागे एक खोली. वडील आखूड पायांसाठी जाड टाचांचे जोडे शिवायचे. त्यांच्या हाताखाली शिकलेली ताई पुढे अख्खे पायच बनवू लागली. पुढच्या खोलीत एक मोठी खुर्ची, धरून चालण्यासाठी दोन कठडे आणि उंच आरसा. मागच्या खोलीत भट्टी, कानशी, प्लास्टरची पोती आणि फळीवर ओळीनं उभे असलेले पाय, प्रत्येकाच्या पोटरीवर पेन्सिलनं घातलेली तारीख.

नवा पाय बसवणं हे तीन तासांचं काम. मांडीचं किंवा पोटरीचं उरलेलं टोक ज्या कपात बसतं तो कप घालून बघायचा, चालायचं, बसायचं, काढायचा, कातडी कुठे लाल झालीय ते बघायचं, तिथे कप गरम करून दाबायचा, कानस मारायची आणि पुन्हा घालायचा. पाच वेळा, कधी आठ वेळा. त्यात ताईची रीत अशी की जुन्या पायाचं सवयीचं पाऊल सोडवून तेच नव्या पायाला जोडायचं. म्हणजे तेवढा वेळ गिऱ्हाइकाचा जुना पाय मोडलेला आणि नवा अजून झालेला नाही. आगीचा बंब आला तरी त्याला खुर्चीतून उठता येत नाही.

हे काम जुन्या दोन तासांतही कधी बसलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी ताई म्हणाली होती, “मी अर्ज करते ऑफिसात. दोन जागा माझ्या लोकांसाठी राखून द्या म्हणते.” तेव्हा किल्लीवाल्यानं छाती फुगवून सांगितलं होतं, “मी असताना तू कशाला उंबरे झिजवतेस? बघतो मी.”

आणि त्यानं बघितलं ते असं. मीटर बिघडलं की त्याच्यावर लाल जाड कापडाची टोपी चढवायची आणि एक चिठ्ठी लिहायची: खांब कितवा, बिघाड कसला, टोपी कधी चढवली, कधी काढली, सही. टोपीखालचं मीटर वेळ मोजत नाही, म्हणून तिथल्या गाडीला कुणी हात लावत नसे. ताईचा फोन यायचा, “उद्या साडेनऊ, चौदा.” किल्लीवाला साडेनऊला ठणठणीत मीटरवर टोपी चढवायचा, पाऊणला काढायचा, आणि चिठ्ठीवर मनाला येईल तो बिघाड लिहायचा. नाणं अडकलं. स्प्रिंग सैल. पाणी शिरलं.

ऑफिसनंच ही सोय करून दिलीय असं त्यानं ताईला सांगून टाकलं होतं. परवानगी मागितलीच नव्हती तर मिळणार कुठून! पण गाड्या उभ्या राहत होत्या, पाय बसत होते, आणि गिऱ्हाइकं जाताना “तुमच्या भावाचे फार उपकार” म्हणून जात होती. ते ऐकायला त्याला फार आवडायचं.

चौदाव्या खांबाची पाटी तो बदलत होता तेव्हा ताई बाहेर आली. कोपरापर्यंत प्लास्टरनं पांढरी.

“हे काय रे धाकट्या?”

“दिसतंय ना. एक तास.”

“आणि माझी परवानगी?”

“ती आहे की. तू डोक्याला ताप करून घेऊ नकोस. मी टोपी चढवीन नेहमीसारखी.”

“टोपी असली तरी एक तास, असं तूच आत्ता बोंबलत होतास. अख्ख्या रस्त्यानं ऐकलं.”

“अगं, पावत्या फाडणारे सगळे माझ्या ओळखीचे. माझी टोपी दिसली की मान वळवून पुढे जातील.”

ताईनं पाटीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. “दोघांनी आजच फोन करून नाही सांगितलं,” ती म्हणाली. “गावाबाहेर ते मोठं सेंटर झालंय ना, तिथे तळघरात दिवसभर गाडी लावता येते. असंच चाललं तर दोन महिन्यांत मला कुलूप घालावं लागेल. वडिलांपासूनचं दुकान आहे, एवढं लक्षात ठेव.”

“मी असताना?” किल्लीवाला म्हणाला.

गुरुवारी भूगोलाच्या बाई आल्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, पण त्यांच्यासमोर अजून कुणी खिशात हात घालून उभं राहत नसे. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. गाडी स्वतः चालवायच्या आणि कुणी दार उघडायला पुढे आलं तर त्याच्याकडे असं बघायच्या की तो दोन पावलं मागे जाई. किल्लीवाल्यानं चौदावर टोपी चढवली, चिठ्ठीवर ‘काटा अडकला’ असं लिहिलं आणि तो पुढच्या चौकात कामाला गेला.

पावत्या फाडणारे खरंच मान वळवून पुढे गेले. गाड्या उचलणारे मात्र नवे होते. त्यांचं कंत्राट त्याच आठवड्यात बदललं होतं, आणि हे किल्लीवाल्याच्या गावीही नव्हतं.

फोन आला तेव्हा तो जुडगा हातात धरून धावत सुटला. कोपरा वळला तर समोर भूगोलाच्या बाईंची गाडी पुढची दोन चाकं वर करून ट्रकच्या मागे लटकलेली, आणि ताई ट्रकच्या दारावर थापा मारतेय. एका हातानं थापा, दुसऱ्या हातात पाय.

“आधी तो पाय खाली ठेवा,” ड्रायव्हर काच अर्धी खाली करून म्हणत होता.

“हा पाय जिचा आहे ती आत बसलीय! ती गाडी काढायला येणार कशी, उडत?”

“तास कधीच उलटून गेला. मी दोनदा हॉर्न दिला.”

“हॉर्न देऊन पाय उगवतो का रे मेल्या?”

“टोपी आहे!” किल्लीवाला धापा टाकत मध्ये घुसला. “डोळे फुटले का तुझे? मीटरवर टोपी आहे, माझी टोपी!”

ड्रायव्हरनं त्याला हुकूमच दाखवला. तोच, चार ओळींचा, खालच्या शेपटासकट. किल्लीवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं ट्रकच्या टायरला लाथ घातली, त्याला स्वतःलाच लागलं, आणि ट्रक गाडी घेऊन निघून गेला.

आत भूगोलाच्या बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. खिडकीतून त्यांना सगळं दिसलं होतं. मोडलेला जुना पाय पाऊल नसलेला, भिंतीशी टेकवून ठेवलेला होता.

“चाळीस वर्षं मी वर्गाला ‘उभे राहा’ म्हणत आले,” त्या म्हणाल्या. “आज मला कुणीतरी हॉर्न वाजवून ऊठ म्हटलं, आणि मला इथून हलता आलं नाही.” मग ताईकडे वळून म्हणाल्या, “तुझ्या हाताला तोड नाही, पोरी. पण मी आता त्या मोठ्या सेंटरलाच जाईन. ही अशी शोभा मला पुन्हा नको.”

ताई खाली बसून जुनं पाऊल जुन्या पायाला परत जोडू लागली. ते बघून किल्लीवाला तसाच उलट्या पावली निघाला तो थेट ऑफिसात.

पार्किंगचे साहेब नवे होते. वय चाळिशीच्या आत, आणि बोलणं इतकं मऊ की भांडायला आलेल्यालाच ओशाळल्यासारखं व्हावं. किल्लीवाला ओशाळला नाही. त्यानं दार ढकललं आणि साहेबांना उभ्याउभ्याच धारेवर धरलं.

“तुम्ही कधी त्या रस्त्यावर पाय ठेवलाय? एक बाई पाय काढून खुर्चीत बसलीय आणि तुमची माणसं तिची गाडी उचलून नेतात! कुणाला विचारून एक तास केलात? नकाशावर रंग भरताना काही लाज वाटली नाही?”

“बसा,” साहेब म्हणाले.

“मी बसायला आलो नाही.”

“बरं. पण मी विचारलं होतं,” साहेब म्हणाले आणि कपाटातून त्यांनी एक फाइल काढली. “रस्ता ज्याला पाठ आहे त्याला विचारल्याशिवाय मी एकही पाटी बदलत नाही. प्रत्येक रस्त्याच्या मेकॅनिककडून फॉर्म भरून घेतलाय.”

फॉर्म त्यांनी टेबलावर त्याच्याकडे फिरवून ठेवला. प्रश्न पाचवा: या रस्त्यावर कोणत्याही दुकानात दोन तासांपेक्षा जास्त वेळ लागणारं काम चालतं का? पुढे लिहिलं होतं, ‘नाही.’ अक्षर किल्लीवाल्याचं. खाली दोन रेघाही त्याच्याच.

त्याला ती सकाळ आठवली. फॉर्म त्यानं स्कूटरच्या सीटवर ठेवून भरला होता. पाचव्या प्रश्नाशी तो अडला होता खरा. ‘हो’ लिहावं तर कुणीतरी चौकशीला येणार, चौदा-पंधराकडे बघणार, चिठ्ठ्या काढणार. म्हणून त्यानं ‘नाही’ लिहिलं, आणि पुन्हा कुणी विचारू नये म्हणून खाली दोन रेघा मारल्या.

“मीटरची नोंदही तेच सांगते,” साहेब म्हणाले. “दोन तास पुरे वापरणारी गाडी जवळजवळ नाहीच. फक्त चौदा आणि पंधराचं कळत नाही, कारण ते दोन वर्षांत एकशे त्र्याऐंशी वेळा नादुरुस्त होते.” त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा चाळला. “भर उन्हाळ्यात पाणी शिरलं, असंही आहे एकदा. मला वाटलं, बिघडलेल्या खांबाचा कुणीतरी फायदा घेतंय. म्हणून टोपीची अट घातली.”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर किल्लीवाल्याला बरं वाटलं असतं. राग जेवढा होता तेवढाच होता, पण काढायला समोर कुणी उरलं नव्हतं. तो फॉर्म तिथेच ठेवून बाहेर आला.

दुपारी ताई एकटीच होती. कप चिमट्यात धरून कानस मारत होती. त्यानं सगळं सांगितलं, दाराशी उभा राहून, खाली बघत. कानस मध्येच थांबली.

“परवानगी नव्हती?”

“नव्हती.”

“कधीच?”

“कधीच नव्हती.”

ताईनं कानस टेबलावर आपटली. “मी अर्ज लिहून ठेवला होता! अकरा वर्षांपूर्वी! तू म्हणालास कशाला उंबरे झिजवतेस. आणि मी मूर्खासारखी सगळ्यांना सांगत सुटले, माझा भाऊ सांभाळून घेतो म्हणून. सांभाळून घ्यायला ते लोक काय चोर होते? ज्याला पाय नाही त्याला गाडी लावायला जागा मिळते ती त्याची असते. तुझ्या बापाची नाही, तू वाटायला!”

“आपल्या बापाची,” तो सवयीनं पुटपुटला.

“थोबाड फोडीन! तू ती जागा टोपीखाली लपवलीस, आणि वर त्या माणसांकडून उपकार म्हणवून घेतलेस.”

“मी तुझ्यासाठीच केलं ताई.”

“माझ्यासाठी नाही. तुला ऐकायला गोड लागायचं म्हणून.”

ते खरं होतं. ताईनं तोंड धुतलं, हात पुसले आणि फळीवरून तिची वही काढली. कुठला पाय, कुठल्या दिवशी, किती वाजता सुरू केला, किती वाजता गिऱ्हाईक चालत बाहेर पडलं, सगळं त्यात होतं.

“या हुकमावर हरकती द्यायला उद्या दुपारपर्यंत मुदत आहे. मी अर्ज देतेय,” ती म्हणाली. “पण वही माझी. मी मनाचं लिहिलं म्हणतील. तुझ्या चिठ्ठ्या ऑफिसच्या आहेत. त्यातल्या वेळा आणि माझ्या वेळा शेजारी ठेव, मिनिटाला मिनिट जुळतील.”

“म्हणजे मला सांगावं लागेल की बिघाड खोटे होते.”

“हो.”

“माझी नोकरी जाईल गं. तीन वर्षं राहिलीत.”

“जाईल बहुतेक,” ताई म्हणाली, आणि वही त्याच्यासमोर ठेवून पुन्हा कानशीला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वही आणि अर्ज घेऊन साहेबांसमोर बसला. आज स्वतःहून बसला. साहेबांनी चिठ्ठ्या काढल्या, वही उघडली, पाच-सहा तारखा बोटानं ताडून बघितल्या. मग त्यांनी उठून दार लावलं.

“हे तुम्ही लेखी दिलंत तर मला पुढे पाठवावं लागेल,” ते हळूच म्हणाले. “त्यापेक्षा अर्ज नुसता बहिणीचा राहू द्या. चिठ्ठ्यांचं नाव काढू नका. बघतो मी.”

किल्लीवाल्याला वाटलं, या भल्या माणसाची कॉलर धरावी. तेच दोन शब्द. तोच आवाज, थोडा खाली आणलेला, खूश होऊन उपकार करणारा. अकरा वर्षं आपण असेच दिसत होतो तर.

“बघू नका साहेब!” तो इतक्या जोरात बोलला की बाहेर टायपिंग थांबलं. “मीही बघतच होतो. कुणी कुणासाठी काही बघायचं नाही. कागदावर घ्या. पाटीवर लिहा. उद्या तुमची बदली झाली, मी मेलो, तरी ती जागा त्यांची राहिली पाहिजे. आणा तो फॉर्म इकडे.”

फॉर्मवर पाचव्या प्रश्नापुढचं ‘नाही’ त्यानं खोडलं आणि ‘हो’ लिहिलं. मग चिठ्ठ्या पुढे ओढल्या. ‘नाणं अडकलं’ वर काट मारली आणि लिहिलं, डावा पाय, गुडघ्याखाली, तीन तास दहा मिनिटं. ‘पाणी शिरलं’ वर काट मारली आणि लिहिलं, उजवा पाय, मांडीपासून, पावणेचार तास. प्रत्येकावर सही केली. एकशे त्र्याऐंशी चिठ्ठ्यांना दुपार झाली. उठताना त्यानं कमरेचा जुडगा सोडून टेबलावर ठेवला, कुणी मागायच्या आत.

नोकरी गेली नाही. किल्ल्या मात्र गेल्या. त्याला कोठारात बसवलं, जिथे गंजलेली मीटरं आणि फाटक्या टोप्या येऊन पडतात, आणि नाव किल्लीवालाच राहिलं, म्हणून त्या नावानं हाक मारताना लोक जरा अडखळू लागले.

पाचव्या आठवड्यात चौदा आणि पंधरावर नव्या पाट्या लागल्या: राखीव, चार तास. बाकीच्या वीस खांबांवर तासच राहिला आणि सलूनवाल्याची थट्टाही राहिली. पाट्या लावायला नवा मेकॅनिक आला होता. किल्लीवाला रजा टाकून समोरच्या फुटपाथवर उभा राहून बघत होता. स्क्रू तिरका बसतोय हे त्याला तिथून दिसत होतं, पण त्यानं तोंड उघडलं नाही. ताई दारात आली, पाटी वाचली, त्याच्याकडे बघितलं. त्या दिवसापासून ती कामापुरतंच बोलत होती.

“एका अर्जाचं काम होतं,” ती रस्त्यापलीकडून म्हणाली, आणि आत गेली.

तेवढ्यात भूगोलाच्या बाईंची गाडी आली. ताईनं त्यांना पाटीचं पत्र पाठवलं होतं. त्यांनी एका झटक्यात गाडी चौदाला लावली, दार उघडलं, जुन्या पायावर उभ्या राहिल्या आणि मीटरसमोर येऊन थांबल्या. अकरा वर्षं त्या इथे येत होत्या. हे मीटर टोपीशिवाय त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

“यात नाणं कुठून टाकतात?” त्यांनी विचारलं.

किल्लीवाला रस्ता ओलांडून पुढे झालाच होता. सवयीनं त्यानं खिशातून स्वतःचं नाणं काढलं आणि हात मीटरकडे नेला. बाईंनी त्या हातावर फटका मारला. शाळेतल्यासारखा, सणसणीत.

“कुठून ते विचारलंय मी. टाकीन माझं मी.”

त्यानं फट दाखवली. बाईंनी पर्स उघडली, एक एक करून नाणी आत सोडली, काटा चारवर जाईपर्यंत बघत राहिल्या, आणि त्याच्याकडे न बघता पायऱ्या चढल्या. आज उपकार वगैरे त्या काही म्हणाल्या नाहीत. किल्लीवाल्यानं त्याचं नाणं परत खिशात टाकलं.